डेड स्टॉक

मराठी माणूस कशाची समीक्षा करीत नाही ते सांगा. पुस्तकाची करतो, नाटकाची करतो, क्रिकेटच्या संघनिवडीची करतो आणि लग्नातल्या जिलबीची तर पहिली पंगत उठायच्या आत करून मोकळा होतो. पण ज्या खोलीत बसून तो हे सगळं करतो, त्या खोलीवर कोणा समीक्षकाने लेखणी उचललेली निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. कादंबरीत पात्रांची गर्दी झाली की आपण लगेच नाक मुरडतो. हॉलमध्ये एका भिंतीवर बावीस शोभेच्या वस्तू दिसल्या तर मात्र ‘छान ठेवलंय हो घर’ म्हणतो, चहा पितो आणि निघतो. हा अन्याय कधीतरी दूर व्हायला हवा होता. तो मी आज करायला घेतला आहे.

आता, तुमचा अधिकार काय, असं कोणी विचारील. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे. (हल्ली कागदोपत्री आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव लांबलं, काउंटर तेवढंच राहिलं.) साहेब गृहकर्जाच्या पाहणीला निघाले की फाइल आणि मोजपट्टी धरायला बरोबर एक माणूस लागतो. तो माणूस पुष्कळदा मी असतो. त्यामुळे २०२३ पर्यंत ज्याला उस्मानाबाद म्हणत आणि आता धाराशिव म्हणतात, त्या आमच्या जिल्ह्यातले परंड्यापासून उमरग्यापर्यंतचे बरेच हॉल मी आतून पाहिले आहेत. साहित्याचे सगळेच समीक्षक पुस्तकं इतक्या आतून पाहत असतील का, याबद्दल मला थोडी शंका आहे.

समीक्षा म्हटली की निकष हवा. तो बाहेरून आणायची आम्हाला गरज नाही. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांनी तो घालून दिलेला आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी काकांच्या घरी जमली होती. कोपऱ्यातलं थापटणं पाहून मुक्ताबाईंनी विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते पाहायला. मग आमचीही मडकी पाहा, असं झाल्यावर काकांनी ते थापटणं एकेकाच्या डोक्यावर चालवलं. सगळे गप्प बसले. नामदेवरायांना मात्र राग आला आणि मडकं कच्चं ठरलं. जगात समीक्षेची इतकी स्वस्त, टिकाऊ आणि विजेशिवाय चालणारी पद्धत दुसरी नसेल. शिवाय ज्याची समीक्षा झाली तो रागावला तर निष्कर्ष आपोआपच सिद्ध होतो. हेच थापटणं घेऊन मी गृहसजावटीच्या शास्त्रात शिरतो आहे.

या शास्त्राची पुस्तकं असतात, मासिकांच्या पुरवण्या असतात, आणि मोबाइल हातात आल्यापासून तर सल्ला मागावाही लागत नाही. त्यातली पहिली सूचना नेहमी आरशाची असते. भिंतीवर मोठा आरसा लावा, खोली दुप्पट दिसेल. खरं आहे. पण खोलीबरोबर खोलीतली माणसंही दुप्पट दिसतात, हे कोणी सांगत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आई-वडील, दोन मुलं, अभ्यासाला आलेला भाचा आणि आपण दोघं असे सात जण असलो, तर आरसा लावल्यावर चौदा होतात. त्यांतल्या सातांना चहा द्यायचा नाही, एवढंच काय ते समाधान.

दुसरी सूचना हिरवाईची. प्रत्येक कोपऱ्यात एक कुंडी ठेवा, मन प्रसन्न राहील. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी मे महिन्यात आमच्याकडे चार दिवस राहावं. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, हे लोक विसरले असतील; आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवसांत आमच्या भागात कुंडीला पाणी घालताना कोणी पाहिलं तर माणूस ओशाळून म्हणायचा, ‘भाजी धुतलेलं आहे हो!’ लोक प्लॅस्टिकच्या फुलांना हसतात. मी हसत नाही. दुष्काळी भागाच्या परिस्थितीला इतकं इमानदार असणारं दुसरं फूल माझ्या माहितीत नाही.

आणि पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. या पुस्तकांतल्या एकाही चित्रात पाण्याचं निळं पिंप नसतं. सोफा असतो, दिवा असतो, गालिच्यावर लोळणारं मांजर असतं, पिंप नाही. आमच्या घरातली आकाराने सर्वांत मोठी, रंगाने सर्वांत ठळक आणि जिच्याकडे घरातला प्रत्येक माणूस दिवसातून निदान दोनदा काळजीने पाहतो अशी वस्तू म्हणजे पिंप. खोलीत नजर वेधून घेणारी एक तरी वस्तू असावी, असं शास्त्र सांगतं. मग ती हीच की! पण पाहुणे येणार म्हटलं की पहिलं काम म्हणजे पिंपावर जुनी चादर टाकणं. जिच्या आधारावर घर चालतं तिला झाकायचं, आणि हॉलमध्ये विजेवर चालणारं एक चिमुकलं कारंजं आणून ठेवायचं. कारण वाहतं पाणी म्हणे भाग्य आणतं!

वाहत्या पाण्याचा खरा दिवाणखाना आमच्याच जिल्ह्यात आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जो बांध आहे, त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम. पावसाळ्यात पाणी बांधावरून नर आणि मादी या दोन सांडव्यांतून कोसळू लागतं आणि आतला माणूस कोरडा राहून ते समोरून पाहतो. आता यातली गोम पाहा. तिथे आधी पाणी अडवलं आहे आणि मग शोभा केली आहे. बांध कामाचा आहे. महाल त्याच्या पोटातला मजेचा भाग आहे. माझ्या थापटण्याखाली पाणीमहाल खणखणीत वाजतो. कारंजं वाजत नाही, कारण त्याची मोटर आठव्या दिवशी जळते.

आता मुख्य ग्रंथाकडे वळू. म्हणजे शोकेसकडे.

मध्यमवर्गीय हॉलमध्ये शोकेसचं स्थान महाकाव्याचं आहे. लांबी भिंतीएवढी, उपकथानकं अनेक, आणि पूर्ण कोणी पाहिलेलं नाही. वरच्या कप्प्यात ताजमहाल. तो आतून दिव्याने उजळतो, म्हणजे आणला त्या वर्षी उजळत होता. त्याच्या शेजारी शिंपल्यांचं घुबड, लोकरीचा कुत्रा, मुलाला चमचा-लिंबूच्या शर्यतीत मिळालेली ढाल आणि डोळे मिटणारी एक बाहुली. बाहुलीचा एक डोळा आता उघडत नाही, त्यामुळे ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला डोळा मारते. मधल्या कप्प्यात लेमन सेट. एक जग आणि सहा ग्लास. हा सेट आम्हाला लग्नात आहेर आला. ग्लासांवरचा कंपनीचा कागद अजून तसाच आहे. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. त्या जगातून आजवर लिंबाचं सरबत सोडाच, लिंबाचा वासही बाहेर आलेला नाही. सरबत होतं तेव्हा ते स्टीलच्या पेल्यांतून दिलं जातं, आणि लेमन सेट काचेआडून ते पाहत राहतो.

सरकारी किंवा बँकेच्या कचेरीत काम केलेल्या माणसाला ‘डेड स्टॉक रजिस्टर’ ही चीज ठाऊक असते. टेबल, खुर्च्या, कपाटं यांची त्यात नोंद असते आणि प्रत्येक वस्तूच्या अंगावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला असतो. नाव डेड असलं तरी या वस्तू बिचाऱ्या जिवंत असतात. त्या खुर्चीवर माणूस बसतो, ती डुगडुगते, तिच्या पायाखाली घडी केलेलं पाकीट जातं. दरवर्षी तिचा घसारा धरला जातो, कारण ती वापरात असते. शोकेसमधल्या वस्तूंना घसारा नाही. त्या झिजतच नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने विचाराल तर खरा डेड स्टॉक तोच.

शोकेस म्हणजे काय असावी हे पाहायचं असेल तर पुन्हा तेरला चला. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे हे गावातलेच. त्यांनी आयुष्यभर तेरच्या पांढरीत सापडणाऱ्या जुन्या वस्तू गोळा केल्या. त्या संग्रहावर हे संग्रहालय उभं आहे. काचेच्या आत मातीचे दिवे आहेत, मणी आहेत, मुलांची खेळणी आहेत आणि हस्तिदंताची एक छोटीशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई इथे सापडली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात ती होती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन माणसाच्या घरात आपल्याकडची शोभेची वस्तू होती म्हणायची! पण शोभेची म्हणू नका. पाँपेईच्या त्या मूर्तीला डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे आणि अभ्यासकांचा अंदाज असा की, ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या आसनाचा पाय असावा. इतकी सुबक वस्तू, आणि ती रोज कोणाच्या तरी हातात होती, नाहीतर कोणाचा तरी भार पेलत होती.

तेव्हाचं तेर म्हणजे तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात या तगराचं नाव आहे आणि इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे, असं त्यात लिहिलं आहे. पडदे कोणत्या कापडाचे लावावेत हे आम्हाला शिकवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. पण माझा मुद्दा वेगळा आहे. तेरच्या काचेआड जे आहे ते एके काळी वापरात होतं. दिव्याची कड काजळलेली असेल, खेळणं कोणा मुलाने आपटलं असेल. आमच्या काचेआड जे आहे ते कधीच वापरात नव्हतं. उद्या दोन हजार वर्षांनी कोणी आमचा हॉल खणून काढला, तर लेमन सेट पाहून तो टिपण लिहील: ‘हे लोक द्रवपदार्थ पीत नसावेत.’

हीच गोष्ट दिवाणाची. हॉलमधल्या दिवाणावर नक्षीची चादर अंथरलेली असते आणि मूल तिथे बसलं की आतून आवाज येतो, ‘उठ रे, चुरगळेल!’ बसायचं नाही, झोपायचं नाही, तर मग तो दिवाण कशाला, असं मूल विचारत नाही. कारण त्यालाही पुढे शोकेस घ्यायची असते. आमच्या जिल्ह्यातला सर्वांत मानाचा पलंग तुळजापूरला आहे. दरवर्षी नगर जिल्ह्यातून तो वाजतगाजत येतो. आणि तो मांडून ठेवण्यासाठी नसतो. देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि शाकंभरी नवरात्राआधी अशी वर्षातून तीन वेळा ही निद्रा असते. साक्षात जगदंबा पलंगाचा उपयोग झोपण्यासाठी करते. आपण कोण लागून गेलो?

कोणी म्हणेल, तुम्हाला सजावटीचंच वावडं आहे. अजिबात नाही. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात तेव्हा सजावट काय असते ते या आणि पाहा. मुखवटे निघतात, पेटीतल्या साड्या निघतात, धान्याच्या राशी मांडल्या जातात, फराळाची ताटं लागतात, खेळण्यांची आरास होते. घराचं तीन दिवस नाटकगृह होतं आणि त्यात घरची बाई नेपथ्यकार, दिग्दर्शक आणि तिकीट-खिडकी अशी सगळी कामं करते. पण तिसऱ्या दिवशी विसर्जन होतं. मुखवटे पुन्हा मऊ फडक्यात जातात, राशीतलं धान्य डब्यात जातं आणि दळून पोटात जातं. आरास उतरली की घर पुन्हा घरासारखं वागू लागतं. शोकेस ही विसर्जन न होणारी आरास आहे. तक्रार तेवढीच आहे.

हे सगळं ऐकून काही लोकांना भलताच उत्साह येतो. ‘अगदी बरोबर! आपले जुने वाडेच चांगले होते!’ म्हणतात. हल्ली हमरस्त्यावरच्या हॉटेलांत कोनाडे केलेले असतात; त्यांत पितळी समई असते आणि समईत विजेचा दिवा. भिंतीला बैलगाडीचं चाक टेकवलेलं. या मंडळींवरही थापटणं चालवायला हवं आणि इथे जरा जपून चालवायला हवं.

जुन्या घराची भिंत हातभर, दीड हातभर जाड. तिच्यात कोनाडा, देवळी, फडताळ, धान्याचं बळद. खुंटीवर रोजचं धोतर, कंदील, कासरा. घरात शिरताच ढाळज. वर तुळया आणि किलच्या टाकून मातीचं माळवद. उन्हाळ्यात खाली गार आणि रात्री वर झोपायला मोकळं. कोनाड्याला कोणी शोभेचा म्हणत नव्हतं; दिव्याच्या काजळीने तो काळा झालेला असे. भिंत सजवलेली नव्हती, ती कामाला होती. इथवर ते लोक म्हणतात ते खरं.

पण माळवद गळू लागलं की लोक त्यावर आणखी माती टाकत. दरवर्षी थोडी. छताचं वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असत. त्यांना एकमेकांत गुंतवणारे आडवे दगड नसल्याने ते सुटले, आणि वरची माती खाली आली. लातूर आणि आमचा, या दोन जिल्ह्यांत साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर, उमरग्याकडची गावं, कितीतरी नावं. जिथे छप्पर लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही खांब उभे राहिले. मी तेव्हा शाळकरी होतो. आमच्या गावात काही पडलं नाही, तरी कितीतरी रात्री सगळी आळी रस्त्यावर झोपत होती.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. ज्याची जमीन जितकी, त्याप्रमाणे अडीचशे चौरस फुटांपासून साडेसातशे चौरस फुटांपर्यंत घरं मिळाली. जिथे जुनी घरं राहिली तिथे माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आडवे दगड घाला, असं लोकांना शिकवलं गेलं. नव्या घरांना सरळ रस्ते मिळाले, पक्की भिंत मिळाली. कोनाडा गेला, ढाळज गेली. लोकांनी मग पुढे पत्रा टाकून ओसरी केली आणि दाराशी ओटा बांधला.

अशाच एका पुनर्वसित गावात वाढीव खोलीच्या कर्जासाठी आम्ही गेलो होतो. म्हातारे गृहस्थ होते. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो. घर स्वच्छ, जमीन पुसलेली, आणि भिंती कोऱ्या. कॅलेंडर नाही, फळी नाही, घड्याळसुद्धा नाही. देवही खाली पाटावर. भांड्यांची मांडणी होती ती कमरेच्या उंचीची. आमच्या साहेबांना सजावटीची आवड. ते म्हणाले, ‘मामा, ही भिंत किती मोकळी आहे! एक छान शोकेस बसेल इथे.’ मामा त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘बसंल की सायेब. पण पोरं हितंच झोपत्यात. डोस्क्याच्या वर काय बी ठिवत न्हाई आमी.’ साहेब काही बोलले नाहीत. मी मोजपट्टी गुंडाळली.

मी पाहिलेल्या सर्व हॉलमध्ये सर्वांत विचारपूर्वक मांडलेला हॉल तो होता. आरसा नाही, कारंजं नाही, कोऱ्या भिंती. पण प्रत्येक वस्तू कुठे असावी आणि कुठे नसावी हे त्या माणसाने माणसांकडे पाहून ठरवलं होतं. पोरं कुठे झोपतात, यावरून भिंतीवर काय असेल ते ठरलं होतं. गृहसजावटीच्या एकाही पुस्तकात मला हा नियम सापडलेला नाही. आणि जुन्या वाड्यांवर गहिवरणाऱ्यांनाही माझं सांगणं एवढंच, की कोनाडा अवश्य करा, पण डोक्यावर काय आहे ते आधी पाहा.

तेव्हा समीक्षेचा निष्कर्ष, खातेवहीच्या पद्धतीने, थोडक्यात देतो. एक, झोपतो तिथे डोक्याच्या वर जड वस्तू नको. कपाट उंच असेल तर भिंतीला पट्टीने जखडा. त्याला चार स्क्रू लागतात, शोकेसला बारा हजार. दोन, रोज लागणारी वस्तू रोजच्या हाताला लागेल अशी ठेवा. किल्ली, चष्मा आणि वडिलांच्या गोळ्या यांना एक खुंटी आणि एक फळी पुरते. तीन, पिंपावरची चादर काढा. पिंप धुऊन, झाकण घट्ट बसवून, खाली लाकडी पाट देऊन ते मानाने उभं करा. पाहुण्यालाही कळू दे, आपण कोणत्या जिल्ह्यात आलो आहोत. चार, आरास जरूर करा, पण विसर्जनाची तारीख आधी ठरवा. पाच, जे काचेत आहे ते बाहेर काढा.

पाचव्या कलमाची अंमलबजावणी आमच्या घरी गेल्या चैत्रात झाली. हळदीकुंकवाला सौ.ने लेमन सेट बाहेर काढला. ग्लासांवरचे कागद कोमट पाण्यात भिजवून काढावे लागले. पन्हं त्यातून दिलं, आणि पहिल्याच खेपेला शेजारच्या नातवाने एक ग्लास फोडला. घरात क्षणभर शांतता पसरली. मग सौ. म्हणाली, ‘फुटू दे. त्यासाठीच असतात.’ सध्या शिल्लक जग एक आणि ग्लास पाच. अठरा वर्षांत प्रथमच मी त्या सेटवर घसारा धरला आहे.